वत्सलाबाई पंप उघडतात

वत्सलाबाईंनी सदुसष्टाव्या वर्षी मोटारीच्या पॉवर स्टीअरिंगचा पंप उघडला, आणि एकदा नाही, एकाच आठवड्यात दोनदा उघडला. पहिल्या वेळी गावानं त्यांना वेड्यात काढलं. दुसऱ्या वेळी कुणी तोंड उघडलं नाही, कारण बाईंच्या हातात पाना होता आणि त्या रागावलेल्या होत्या. राग त्यांचा स्वतःवरच होता, पण ते गावाला कुठून कळणार.

बाई तापीकाठच्या गुजर घरातल्या. सारंगखेड्यापासून दोन-तीन कोसांवर त्यांचं गाव. केळी, ऊस, कापूस. घर खाऊनपिऊन सुखी. नवरा गिरधरभाई हौशी माणूस. एका वर्षी केळीनं हात दिला आणि यांनी सुरतेच्या एका कापडवाल्याकडून ब्याण्णव सालची पांढरी कॉन्टेसा घरी आणली. गाडी एवढी लांब की गल्लीत वळताना तिचं तोंड देवळाशी आणि बूड पिठाच्या गिरणीशी. पण स्टीअरिंग म्हणजे लोणी. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक नारळाएवढा पंप तेलाला दाब द्यायचा आणि तो दाब चाकं वळवायचा. माणसानं नुसतं बोट लावायचं. गिरधरभाई आल्यागेल्या पाहुण्याला गाडीत बसवून हे बोट लावणं दाखवायचे. बायकोला मात्र त्यांनी मागच्या सीटवरून कधी पुढे बोलावलं नाही. त्यात वाईट हेतू काही नव्हता. ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाईंच्याही नाही.

गिरधरभाई गेले त्याला सात वर्षं झाली. वर्षश्राद्धाला नंदुरबारहून अनीस मिस्त्री आले होते. स्टेशनच्या मागे त्यांचं गॅरेज, आणि कॉन्टेसाला त्यांच्याखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. जेवणं झाली, चार आठवणी निघाल्या, आणि जाता जाता मिस्त्रींनी लिंबाखालच्या गाडीवरची ताडपत्री उचलून पाहिली. उभ्या गाडीचं रबर वाळतं, चालती तरी ठेवा नाहीतर विकून तरी टाका, एवढं सांगून ते निघाले. बाई फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेल्या आणि म्हणाल्या की मग मलाच शिकवा. हे आपल्या तोंडून कसं निघालं ते बाईंना आजही सांगता येत नाही. वर्षभर घरात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते, त्याचा त्यांना कंटाळा आला होता, एवढंच त्यांना आठवतं.

शिकवणी झाली सारंगखेड्याच्या यात्रेच्या मैदानात. यात्रा उठलेली, तिच्या घोडेबाजाराला आलेले घोडे आपापल्या गावी गेलेले, आणि टापांनी उखणलेलं ते मैदान बाईंना मोकळं. मिस्त्री शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसत. घाबरून नव्हे, इंजिन ऐकतोय म्हणत. त्यांचं सगळं काम कानावर चालायचं. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यावर असतानाच ते तिचा आजार सांगत. बाईंनी पहिल्या दिवशी घोडे बांधायचे तीन खुंटे पाडले, दुसऱ्या दिवशी एक, आणि महिन्याभरात त्या नंदुरबारला जाऊन आल्या.

तेव्हापासून मंगळवार हा बाईंचा वार झाला. मागच्या सीटवर कौसाबाई आणि तापीबाई या दोन शेजारणी. कौसाबाईंना साखर तपासायची असे, तापीबाईंना नंदुरबारच्या बहिणीशी भांडायला जायचं असे. बाईंना स्वतःला काही काम नसे. गाडी चालवणं हेच त्यांचं काम. जन्मभर कुठं जायचं म्हटलं की ‘कोण नेईल’ हा प्रश्न आधी यायचा. आता तो प्रश्न दुसऱ्या बायका त्यांना विचारत. या गोष्टीचा बाईंना इतका आनंद होता की सोमवारी रात्रीच त्या दुसऱ्या दिवशीची साडी काढून ठेवत.

तर असं छान चाललेलं असताना पंप गळायला लागला.

गळायला लागला तो कळलाच नाही, आणि याला आमचं नंदुरबार जबाबदार. बाई गाडी उभी करत ती मिरचीच्या पथारीच्या कडेला. हिवाळ्यात शहराबाहेर एकरच्या एकर मिरची वाळत पडलेली असते, जमीन तिच्या चुऱ्यानं लाल झालेली असते, आणि स्टीअरिंगचं तेलही असतं लालच. गाडीखाली थेंब पडत होते, ते लालावर लाल. घरी लिंबाखालची माती ते मुकाट पिऊन टाकत होती. स्टीअरिंग जरा जड लागतंय असं बाईंना वाटायचं, पण सदुसष्टाव्या वर्षी सगळंच जरा जड लागतं, म्हणून त्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं.

मग एका मंगळवारी परतताना सारंगखेड्याच्या अलीकडे, जिथं रस्ता दोन्ही बाजूंच्या उसामधून काटकोनात वळतो, तिथं चाक वळेचना. बाईंनी दोन्ही हातांनी ओढलं, खांद्यात कळ आली, आणि कॉन्टेसा सरळ उसात शिरली. लागलं कुणालाच नाही. कौसाबाई आणि तापीबाई तर हसत सुटल्या; तापीबाईंनी दोन कांडकी मोडून घरी नेली. बाईही त्यांच्याबरोबर हसल्या. पण त्या क्षणी आपले हात कमी पडले, हे त्यांना नीट कळलं होतं, आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

मुलगा हेमकांत तसा शांत माणूस. त्यानं बंपरमध्ये अडकलेली उसाची पानं पाहिली, ती एकेक करून काढली, आणि पुढच्या सोमवारी सांगितलं की सुरतेचे एक नवनीतभाई जुन्या गाड्या घेतात, ते येत्या शुक्रवारी गाडी बघायला येणार आहेत. आईला कुठं जायचं असेल तर तो स्वतः नेईल. बाई भांडायच्या तयारीनं उभ्या राहिल्या, पण त्याचा चेहरा पाहून थांबल्या.

“माय, तुले काई व्हई गयं ते मी काय करू?” तो म्हणाला.

भीती खरी होती, आणि ती बाईंनाही वाटत होतीच. शेवटी त्यांनी एक सौदा केला. शुक्रवारी पाहुणे येण्याच्या आधी हेमकांतनं त्यांच्या शेजारी बसायचं, आणि त्या त्याच वळणावर गाडी नेतील.

“नही वळनी ते चावी मीच देसू,” त्या म्हणाल्या.

हेमकांत कबूल झाला. त्याला वाटलं, चार दिवसांत काय होणार आहे? बाईंनाही तसंच वाटत होतं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या सुपडूनं बॉनेट उघडून गळती दाखवली. पंपाच्या पुढच्या तोंडाचं रबरी सील गेलं होतं, सगळं तेल तिथून बाहेर. पंप उतरवून देतो, पण उघडणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. असला पंप आता बनत नाही, माझ्या हातून काही बिघडलं तर नवा कुठून आणू? बाईंनी अनीस मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री म्हणाले, घेऊन या. पंप स्टीलच्या डब्यात घालून मंगळवारी बाई एसटीनं निघाल्या. वाटेत डब्यातून लाल तेल झिरपायला लागलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला की आजी, लोणचं सांडतंय. बाईंनी त्याला चव घेणार का विचारलं.

मिस्त्रींच्या दारात जाऊन बघतात तर मिस्त्री अंगणात बाजेवर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि शेजारी त्यांची बायको अकिला थेंबांची बाटली घेऊन पहाऱ्यावर. आठ दिवसांपूर्वी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. फोनवर हे त्यांनी सांगितलंच नव्हतं, कारण अकिलाभाभी शेजारी उभ्या होत्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्यांना लांबचा रेल्वेचा सिग्नल स्वच्छ दिसत होता, पण हातातला नट दिसत नव्हता. जवळचा चष्मा महिन्यानं मिळणार होता. दुसरा डोळा अजून दुधाळ.

बाई डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शुक्रवारचं सगळं त्यांनी सांगितलं, आणि उसाचं सांगताना, जे पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं ते मिस्त्रींना सांगून टाकलं. माझे हात कमी पडले म्हणाल्या. मिस्त्रींनी पंप हातात घेतला, चोहोबाजूंनी चाचपला, दांडा फिरवून कानाशी धरला.

“मन्हा हात बांधेल शेतस, भाभी. तुमना मोकळा शेतस,” मिस्त्री म्हणाले. “मी सांगस, तुम्हीन खोला.”

बाईंना वाटलं थट्टा चालली आहे. पण मिस्त्रींनी अकिलाभाभींना हत्यारांची पेटी आणायला लावली आणि बाईंना विचारलं की घरची शिलाई मशीन कोण उघडतं. शिलाई मशीन बाईच उघडत. मग झालं तर, मिस्त्री म्हणाले, ही मशीन जरा तेलकट आहे एवढंच.

अकिलाभाभींनी पराती मांडल्या. मिस्त्रींचा नियम असा की निघालेला प्रत्येक तुकडा परातीत डावीकडून उजवीकडे, निघाल्या क्रमानं ठेवायचा, आणि परत जाताना उजवीकडून उचलायचा. हे बाईंना सांगावं लागलं नाही. दिवाळीचं फराळाचं सामान त्या असंच मांडत. मागचं झाकण निघालं, स्प्रिंग निघाली, मग लंबगोल कडं, आणि त्याच्या आत फिरणारी चकती. चकतीच्या खाचांमध्ये दहा पातळ पोलादी पाती होती, नखाएवढी. ही पाती फिरता फिरता बाहेर सरकतात आणि तेल पुढे लोटतात, हे मिस्त्रींनी हाताच्या बोटांनी हवेत दाखवलं. बाईंना ते एका झटक्यात समजलं आणि समजल्याचा त्यांना भारी आनंद झाला. गिरधरभाईंचं लोणी ते हे होतं तर! इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून त्यांना वाटायचं की यात काहीतरी पुरुषी विद्या आहे.

जुनं सील पोपडा होऊन निघालं. मिस्त्रींनी दांड्यावर नख फिरवायला सांगितलं. बाईंचं नख एका जागी अडलं. इतकी वर्षं सील घासून तिथं बारीक चरा पडला होता. मग मिस्त्रींनी तोड सांगितली: नवं सील पार बुडापर्यंत बसवायचं नाही, नखाएवढं अलीकडे ठेवायचं, म्हणजे त्याची कड चऱ्यावर न येता कोऱ्या पोलादावर येईल. सील नावानं मिळत नाही, मापानं मिळतं. बाई रिक्षा करून बेअरिंगच्या दुकानात गेल्या, जुनं सील काउंटरवर ठेवलं आणि त्याच मापाचं सील आणि रबरी रिंगा मागितल्या. दुकानदारानं विचारलं, मिस्त्री कोण? बाईंनी अनीस मिस्त्रींचं नाव सांगितलं, पण सांगताना जरा अडखळल्या.

परत येऊन सगळे तुकडे डिझेलमध्ये धुतले. मिस्त्री म्हणाले, आता एकेक तुकडा असा पुसा की डोळ्यात घातला तरी खुपणार नाही. बाई तयारीनंच आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून घरचा कापूस काढला, नुकता वेचलेला, पांढराशुभ्र, एकूणएक सरकी काढलेला. घरात कापसाचे ढीग लागलेले असताना कुणी चिंधी शोधत बसतं का? वात वळायची, कान साफ करायचा, जखम पुसायची, सगळ्याला कापूस. अकिलाभाभींनी तो हातात घेऊन वाखाणला आणि उशीसाठी थोडा मागूनही घेतला. काळ्या चष्म्याआड मिस्त्रींना त्यातलं काहीच दिसलं नाही, आणि ऐकूही गेलं नाही, कारण तेवढ्यात स्टेशनात मालगाडी शिरली होती. बाईंनी दहाही पाती कापसानं लखलखीत पुसली, गोल कड बाहेरच्या बाजूला ठेवून खाचांत सोडली, सील पान्याच्या गोल तोंडानं हलके ठोकत बसवलं, आणि उजवीकडून डावीकडे परात रिकामी केली. शेवटी एकही तुकडा उरला नाही. मिस्त्रींनी पंप कानाशी धरून दांडा फिरवला आणि मान डोलावली. अकिलाभाभींनी शेवया केल्या.

बुधवारी सुपडूनं पंप गाडीवर चढवला. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून बाईंनी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, आतली हवा निघून जायला. मग इंजिन चालू केलं. खाली एक थेंब नाही. बाईंनी बोट लावलं आणि चाक फिरलं. ओट्यावरून कौसाबाईंनी टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्याच क्षणाला चाक दगड झालं. मग पुन्हा हलकं. मग पुन्हा दगड. लोणी, दगड, लोणी, दगड. सुपडू लांब जाऊन उभा राहिला, आपला काही संबंध नाही असा.

बाईंना रडू आलं. ओट्यावर हेमकांत उभा राहून सगळं बघत होता, ते तर फारच वाईट होतं. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला आणि मिस्त्री म्हणाले त्याप्रमाणे फोन पंपाजवळ धरला. तिकडे मिस्त्री ऐकत होते. हवा अडकली असती तर पंप कण्हला असता, पाती उलटी असती तर ओरडला असता. तो यातलं काहीच करत नव्हता. मध्येच त्याचा घोट अडकत होता. तेल किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा एक छोटा व्हॉल्व्ह पंपाच्या कुशीत असतो. तो कशात तरी अडकत होता.

“कशाघाई पुसं व्हतं, भाभी?” तुकडे पुसायला काय वापरलं ते मिस्त्रींनी विचारलं.

“घरना कापूसघाई,” बाई म्हणाल्या. “एक बी सरकी नव्हती त्यामा.”

मग मिस्त्री असे हसायला लागले की अकिलाभाभी तिकडून ओरडल्या, डोळ्याला ताण पडेल म्हणून.

“कापूस आख्खी दुनियाले चांगला, भाभी. पंपले नही,” ते म्हणाले.

कापसाचे तंतू. पोलादाच्या धारेला लागून सुटलेले, डोळ्याला न दिसणारे तंतू तेलाबरोबर फिरून व्हॉल्व्हच्या अंगाला गुंडाळले गेले होते. चाळीस वर्षांचा धंदा करून मिस्त्रींनी पंपात माती पाहिली होती, लोखंडाचा कीस पाहिला होता, एकदा तर मुंगळा पाहिला होता, कापूस पहिल्यांदाच. पुसायला कापड हवं ते तंतू न सोडणारं, असं सांगायचं राहिलं ही त्यांचीच चूक, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंना ते पटलं नाही. कापूसवाल्या घरच्या बाईला कापूस कसा चिकटतो हे माहीत नसावं? वेचणीच्या दिवसांत तर तो त्यांच्या केसांतून जेवणाच्या ताटात यायचा.

गुरुवारी सकाळी बाईंनी सुपडूला बोलावून पंप उतरवून घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मिस्त्रींना फोनही केला नाही. रागात त्यांचे हात भराभर चालत होते. झाकण, स्प्रिंग, कडं, चकती, पाती. व्हॉल्व्ह कुशीतून निघाला आणि त्याच्या कमरेला खरंच पांढरा करदोटा होता, इतका बारीक की उजेडाकडे धरल्यावर दिसला. तो पाहून बाईंचा राग गेला. त्यांना हसूच आलं, एकटीला, मोठ्यानं, आणि बाहेर ओट्यावर सुनेला वाटलं की आईंचं काही खरं नाही.

पुसायला काय घ्यायचं? बाईंनी ट्रंक उघडली. तळाशी एक नायलॉनची साडी होती, बोहारणीनंही परत दिलेली, अंगावर न टिकणारी निसरडी चीज. तिचा पदर फाडून त्यांनी एकेक तुकडा पुसला, पुन्हा धुतला, पुन्हा पुसला. नळ्याही तेल ओतून धुऊन काढल्या. सील काढावं लागलं नाही. त्यावरून हात फिरवला तेव्हा ते नखाएवढं अलीकडे, जिथं असायला हवं तिथंच होतं. हे मी बसवलंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि ज्या हातांवर त्या इतके दिवस रुसल्या होत्या ते हात त्यांनी एकदा बघून घेतले. दुपारी सुपडूनं पंप चढवला. बाईंनी हवा काढली, इंजिन चालू केलं, बोट लावलं. लोणी. दहा मिनिटं फिरवत राहिल्या, लोणीच. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि पदर तोंडाला लावून जरा वेळ गाडीतच बसून राहिल्या.

शुक्रवारी नवनीतभाई ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आले. गोरेगोमटे, हसरे, गाड्यांचे शौकीन. सौदा ऐकून त्यांना मौज वाटली आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले. हेमकांत पुढे, दारावरची मूठ घट्ट धरून. बाईंनी कॉन्टेसा गल्लीतून काढली, देवळाला आणि गिरणीला न लागता.

यात्रा चार दिवसांवर आली होती. सारंगखेड्याच्या रस्त्यावर घोडेच घोडे: मध्य प्रदेशातून, गुजरातेतून आलेले, मालक लगाम धरून पायी चाललेले. उसामधलं ते वळण आलं तेव्हा बाईंच्या खांद्यात नुसत्या आठवणीनंच कळ आली. हेमकांतनं श्वास धरला. बाई वळायला लागल्या आणि तेवढ्यात समोरून येणारी एक पांढरी घोडी कशाला तरी बुजली, मालकाच्या हातून लगाम सुटला, आणि ती रस्त्याच्या मधोमध मागच्या पायांवर उभी राहिली. विचार करायला वेळच नव्हता. बाईंनी ब्रेक दाबत चाक पूर्ण डावीकडे घेतलं, घोडीच्या पोटाखालून जावं तशी गाडी तिला घासून निघाली, आणि लगेच पूर्ण उजवीकडे, कारण डावीकडे ऊस होता. कॉन्टेसा एवढी लांब गाडी, पण साडीच्या निरीसारखी वळली आणि रस्त्याच्या बरोबर मधे येऊन उभी राहिली. उसाचं एक पान हललं नाही. मालकानं घोडी धरली आणि लांबूनच बाईंना हात जोडले.

हेमकांतनं मूठ सोडली. आईचे हात स्टीअरिंगवर होते, तिकडे तो बघत राहिला. गिरधरभाई असे वळले नसते, हे त्याला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग तो मागे वळला आणि नवनीतभाईंना गुजरातीत म्हणाला की माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, गाडी विकायची नाही. नवनीतभाईंना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. अशाच दोन गाड्या त्यांच्याकडे आहेत, दोन्हींचे पंप गळतात, आणि सुरतेत कुणी ते उघडायला तयार नाही. हा पंप कुणी बांधला? मिस्त्री कोण?

हेमकांतनं आईकडे बोट केलं.

“आ मारी मा,” तो म्हणाला.

बाईंनी घाईघाईनं सांगितलं की मिस्त्री नंदुरबारचे, मी फक्त हात चालवले. पण कान लाल झाले होते ते झाले होते. परतीच्या वाटेवर त्यांनी हॉर्न दोनदा उगीच वाजवला.

महिन्याभरानं सुरतेहून दोन पंप खोक्यात बांधून आले. तोवर मिस्त्रींचा दुसरा डोळाही झाला होता आणि जवळचा चष्माही मिळाला होता. मंगळवारी कौसाबाई आणि तापीबाई मागे, पंप पुढच्या सीटवर, अशा बाई नंदुरबारला गेल्या. अंगणात पराती मांडलेल्या होत्या, आणि बाजूला अकिलाभाभींची जुनी नायलॉनची ओढणी घडी करून ठेवलेली. बाईंनी पंप मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला. आता तुम्हाला दिसतं, तुम्हीच उघडा, असं त्या म्हणाल्या. अकिलाभाभीही म्हणाल्या की महिनाभर बसून खाल्लंत, आता हात लावा.

मिस्त्रींनी नवा चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बाजेवर नीट बसले.

“इतने दिन कान से देखा,” ते बायकोला म्हणाले. “आज आँख से देखने दे.”

आणि त्यांनी पाना उचलून वत्सलाबाईंच्या हातात दिला.